त्र्यंबक विसपुते यांच्याविरुद्धचा निनावी अर्ज

ता. २७ ऑगस्ट १९९९, शुक्रवार. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

मी सौ. सरस्वती ऊर्फ सरुबाई त्र्यंबक विसपुते, वय ६७ वर्षे, शिक्षण मराठी सातवी, धंदा दवाखान्यात मदतनीस, राहणार रविवार पेठ, नाशिक. धंद्याच्या जागी हवालदारांनी आधी 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे. मी इथे आल्याचे माझ्या पतींना ठाऊक नाही. ता. १२ ऑगस्ट रोजी आमच्या दवाखान्याची तपासणी होऊन माझे पती त्र्यंबक सखाराम विसपुते, वय ७४, यांच्यावर बोगस डॉक्टर म्हणून गुन्हा दाखल झाला. ज्या निनावी अर्जावरून ती तपासणी झाली तो अर्ज मी लिहिला आहे. अर्जातला मजकूर खोटा आहे. मला एवढेच सांगायचे होते. फौजदार साहेबांनी पाणी दिले आणि पहिल्यापासून सांगा म्हणाले, म्हणून पुढचे सांगते.

आम्ही जातीने सोनार. माझ्या पतींचे चुलते दागिने घडवत आणि दाताला सोन्याची टोपी बसवून देत. दातांचा डॉक्टर त्या काळात गावात शोधून सापडत नसे. पती अठराव्या वर्षापासून चुलत्यांच्या हाताखाली दात काढायला, कवळी बनवायला शिकले. कॉलेजात गेले नाहीत. पुढे सरकारचा कायदा आला. जे आधीपासून हे काम करून पोट भरत होते, त्यांची नावे चौकशी करून सरकारी नोंदवहीच्या 'ब' भागात घातली. पदवीवाले 'अ' भागात. १९५१ साली माझ्या पतींना त्याचा दाखला मिळाला. कायद्याने त्यांना हे काम करण्याचा हक्क आहे. तो दाखला आणि दरवर्षी नूतनीकरण केल्याचे सर्व कागद मी आज हजर केले आहेत.

दाखला असूनही त्यांनी तो कधी भिंतीवर लावला नाही. त्या 'ब' ची त्यांना लाज वाटे. आमच्या पाटीवर 'त्र्यंबक स. विसपुते, दातांचे काम करून मिळेल' एवढेच आहे. एका रंगाऱ्याने हौसेने नावाआधी 'डॉ.' घातले, ते त्यांनी पत्र्याने खरवडून काढायला लावले. लोक डॉक्टर म्हणत, आप्पा म्हणत, त्याला इलाज नव्हता. जो माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नाही तो बोगस डॉक्टर कसा होईल, हे तपासात घ्यावे.

दवाखान्यात मी १९५१ पासून आहे. हत्यारे धुणे, उकळणे, पुसून ठेवणे, रोग्याचे कार्ड लिहिणे आणि पदर न सोडता रोग्याचे डोके धरणे, ही माझी कामे. पूर्वी पितळी पातेल्यात उकळत असू, नंतर विजेचे भांडे आले. पाणी खदखदल्यापासून घड्याळात वीस मिनिटे मोजायची आणि मगच झाकण काढायचे. इतक्या वर्षांत एकही हत्यार माझ्या हातून कच्चे गेले नाही. ही बढाई नाही, पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

गेल्या दिवाळीपासून पतींचा उजवा हात कापू लागला. पहिल्यांदा बशीतला चहा सांडला तेव्हा मी बशीला नावे ठेवली. काम करताना ते कोपर बरगडीला टेकवून हात दाबून धरत. मी म्हटले, अहो, आता पुरे. त्यांनी उत्तर दिले, "घरात बसून काय करू? भिंती मोजू?" आमची मुलगी सविता इंदिरानगरला असते, तिने मोठ्या डॉक्टरला दाखवले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बारीक काम बंद करा म्हणून सांगितले. पतींनी मान डोलावली, घरी आले आणि चार वाजता दवाखाना उघडला. मला म्हणाले, "त्याला डिग्री आहे, बोलायला काय जातंय?"

फेब्रुवारी महिन्यात सायखेड्याची रंगूबाई दाढ काढायला आली. पकड दाढेवरून घसरली आणि तिचा ओठ आतून फाटला. दुसऱ्या दवाखान्यात नेऊन तीन टाके घालावे लागले. आठ दिवसांनी ती टाके दाखवायला आली, तीही पिशवीभर वांगी घेऊन. पतींना म्हणाली, "आसू द्या आप्पा. माझ्या सासूचे दात बी तुम्हीच काढले व्हते. लय हलका हात तुमचा. एक डाव चुकला म्हनून काय झालं?" ती गेल्यावर पतींनी दार लोटून घेतले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर रोज दुपारी ते ज्वारीच्या दाण्यांनी भरलेली वाटी घेऊन बसत. चिमट्याने एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाकत. मी झोपले असे त्यांना वाटे. उठल्यावर खाली सांडलेले दाणे मी झाडून घेत असे. मार्चमध्ये चमचाभर असत, जूनमध्ये ओंजळभर निघू लागले. आम्ही दोघेही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाहेर तरी कोणाला सांगणार?

माझी भीती एवढीच होती की, उद्या कोणाला मोठी इजा झाली तर हा माणूस त्या दुःखाने जाईल. ते माझे ऐकेनात, मुलीचे ऐकेनात, डॉक्टरांचे ऐकेनात. पण सरकारी कागद आला की ते उभे राहून वाचतात. नूतनीकरणाला एक दिवस उशीर होऊ नये म्हणून दर वर्षी डिसेंबरातच मुंबईला जाऊन येत. म्हणून माझ्या मनाने घेतले की, वय झाले, आता काम थांबवा, असा एक सरकारी कागद यांच्या हातात पडला तर ते मुकाट्याने घरी बसतील आणि त्यांचा मानही राहील. माझ्या मनात याच्यापलीकडे काही नव्हते.

जुलैमध्ये पतींनी पेपर वाचून दाखवताना ऐकले की, दवाखान्यांची तपासणी करायला समिती नेमली आहे. ता. २८ जुलै रोजी दुपारी भाजीला जाते असे सांगून मी त्या समितीच्या कार्यालयात गेले. तेथील कारकुनाचे नाव मला माहीत नाही आणि माहीत असते तरी सांगितले नसते, चूक त्याची नाही. मी त्याला म्हटले, एका म्हाताऱ्या दंतवैद्याचा हात कापतो, त्याला थांबवायचे आहे. तो म्हणाला, "आजी, वयाची तक्रार आमच्याकडे बसत नाही. दवाखाना घाण आहे म्हणून लिहा नाहीतर बोगस आहे म्हणून लिहा. या दोनच फायली आहेत."

मी बाकावर बसून विचार केला. घाण आहे असे लिहिले असते तर समितीने नुसती समज दिली असती, झाले गेले संपले असते. पण ते माझ्या हाताने लिहवेना. हत्यारे मी उकळते. अठ्ठेचाळीस वर्षे वीस मिनिटे मोजली, तो दवाखाना घाण कसा म्हणू? माझ्या कामाला बट्टा नको म्हणून मी त्यांच्या नावाला लावला. हे वाक्य असेच लिहावे, सौम्य करू नये.

मी असाही हिशेब केला की, समितीची माणसे येतील, पती दाखला दाखवतील, बोगस हा शब्द जागच्या जागी पुसला जाईल. पण तेवढ्यात साहेब लोकांना त्यांचा हात दिसेल आणि ते थांबण्याचा कागद देतील. स्वतःला शहाणी समजत होते. मी तिथल्याच कोऱ्या कागदावर लिहिले, 'रविवार पेठेतील त्र्यंबक सखाराम विसपुते हा बोगस डॉक्टर असून त्यास दातांचे काम करण्यास बंदी करावी.' खाली सही केली नाही. लग्नात उखाण्यात घेतले ते नाव, नंतर तोंडाने कधी घेतले नाही, या जबाबातही ते हवालदारांनी गुन्ह्याच्या कागदावरून घातले आहे. आणि लिहिताना 'हा' लिहिले, 'हे' सुद्धा लिहिले नाही. कारण 'हे' लिहिले असते तर घरचे माणूस ओळखू आले असते.

ता. १२ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी पावणेअकराच्या सुमारास दवाखान्यासमोर जीप थांबली. समितीचे तीन अधिकारी, दोन पोलीस आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पेपरवाला आत आले. खुर्चीवर एक गृहस्थ नवी कवळी बसवून घ्यायला बसले होते. पतींनी त्यांना उठवले नाही. म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं. यांना चावून बघू द्या." साहेब थांबले, तेही खरे सांगितले पाहिजे. माणसे वाईट नव्हती.

मग मोठ्या साहेबांनी रजिस्ट्रेशनचा दाखला मागितला. पती म्हणाले, "आहे ना. वर कपाटात आहे, आणतो." कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असते. ते जिन्याकडे निघाले. तेवढ्यात साहेबांनी फाईलमधून माझा अर्ज काढला आणि म्हणाले, "आजोबा, आधी हे वाचून घ्या. तुमच्याविरुद्ध आहे." पतींनी चष्मा लावला. मजकूर दोन ओळींचाच होता. ते पुष्कळ वेळ वाचत उभे होते. मी भांड्यापाशी होते, पाणी नुकतेच खदखदू लागले होते.

नंतर त्यांनी विचारले, "साहेब, ही तक्रार खोटी निघाली तर?"

साहेब म्हणाले, "तर लिहिणाऱ्याला सोडणार नाही. कागद अक्षरतज्ज्ञाकडे पाठवू. खोट्या अर्जांनी आम्ही बेजार झालोय. एकदोघांना आत टाकल्याशिवाय थांबायचं नाही."

पतींनी कागदाची घडी घालून तो साहेबांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "खोटी नाही. खरी आहे. मघाशी आहे म्हणालो ते उगीच. माझ्याकडे दाखला नाही."

मी 'अहो' एवढेच म्हटले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू वर जा. सगळ्यांना चहा टाक." मला वाटले, दाखला घ्यायला मागून येतील, मला नुसते पुढे धाडले आहे. म्हणून मी वर गेले आणि कपाटापाशी उभी राहिले. ते आले नाहीत. मग मी चहा टाकला. कप घेऊन खाली आले तेव्हा पंचनामा लिहून झाला होता. हत्यारे जमिनीवर चादरीवर मांडून फोटो काढत होते. कवळीवाले गृहस्थ निघून गेले होते. मी सर्वांना चहा दिला. त्या वेळी मी तोंड उघडले असते तर सगळे तिथेच मिटले असते. मी चहा दिला.

दवाखान्याला सील लागले आणि पतींना जीपमधून इथे आणले. सायंकाळी जामिनावर सोडले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी आली, 'पन्नास वर्षे दात काढणारा बोगस डॉक्टर अखेर जाळ्यात.' पती मला रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवतात, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या दिवशीही वाचून दाखवला. पाऊसपाणी, टोमॅटोचा भाव, श्राद्धाच्या जाहिराती, सगळे वाचले. ती बातमी ओलांडून ते खालच्या बातमीवर गेले.

पेठेतल्या सगळ्यांनी विचारले, आप्पा, हे कोणी केले असेल? कोणी नव्या डॉक्टरांचे नाव घेतले, कोणी भाऊबंदांचे. पती म्हणत, "कशाला कोणावर आळ घेता? डिग्री कुठंय माझ्याकडं? खरंच आहे ते." रंगूबाई सायखेड्याहून आली आणि उंबऱ्यावर बसून रडली. तिने विचारले, "कोन मेल्यानं केलं वो हे? त्याचं वाटोळं व्हईल." पती तिला म्हणाले, "शाप देऊ नको, रंगूबाई. ज्यानं केलं त्यानं माझ्या भल्यासाठीच केलं असेल." तेव्हा मी आतल्या खोलीत भाकरी थापत होते. माझा हात तव्यावर टेकला, अजून फोड आहे.

मला मात्र त्यांनी एकदाही विचारले नाही की, कोणी केले असेल. ज्याला ठाऊक असते तो विचारत नाही. मी रोज वाट पाहिली की, रागावतील, ताट सारतील, निदान अबोला धरतील. ते काही करत नाहीत. माझ्या फोडाला खोबरेल लावतात. दुपारी ज्वारीची वाटी घेत नाहीत, खिडकीत बसतात. मला हवे होते तसे ते आता घरात बसले आहेत. असे बसलेले मला बघवत नाहीत.

पंधरा दिवस का थांबले, असे विचारल्यावरून सांगते की, दाखल्याशिवाय माझ्या बोलण्याला कोण विचारणार, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. शिवाय भीतीही होती, ती लपवत नाही. काल नारळी पौर्णिमा झाली. आमच्यात त्या दिवशी जानवे बदलतात. जुने जानवे उतरवताना त्यांनी किल्ली सोडून पाटावर ठेवली आणि नवे घालायला भटजींपुढे बसले. तेवढ्या वेळात मी किल्ली उचलून कपाट उघडले, दाखला आणि कागद काढून पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि किल्ली परत जागेवर ठेवली. त्यांनी ती नव्या जानव्याला बांधली. लग्नानंतर कालपर्यंत मी त्यांच्या नकळत दोनच गोष्टी केल्या, एक तो अर्ज आणि दुसरी ही.

फौजदार साहेबांनी दाखला पाहिला. तो खरा दिसतो, मुंबईला विचारून खात्री करू, असे ते म्हणाले. तसेच त्यांनी मला समज दिली की, "आजी, दाखला खरा निघाला की आजोबांवरचा गुन्हा टिकणार नाही. पण मग खोटी माहिती दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होईल. अजून विचार करा. हा कागद आपोआप सापडला असं आपण लिहू." मी म्हटले, नको. आपोआप म्हटले तर अर्ज कोणाचा हे राहूनच जाईल. मग लोक म्हणतील, म्हातारा सुटला, पण काहीतरी असेल त्याशिवाय कोणी लिहिणार नाही. अर्ज बायकोने लिहिला आणि खोटा लिहिला, असे पेपरात छापून आले तरच त्यांच्या नावावरचा डाग जाईल. फोटो माझा छापावा.

यानंतर फौजदार साहेबांनी ता. १६ ऑगस्ट रोजी या पोलीस ठाण्यात नोंदवलेला माझ्या पतींचा जबाब मला वाचून दाखवला. असा जबाब झाला हे मला माहीत नव्हते. त्या दिवशी ते चष्म्याची काडी बसवायला जातो म्हणून गेले होते आणि बसवूनही आले होते. त्यात असे लिहिले आहे की, 'मला तक्रार अर्ज दाखवण्यात आला. त्यातील अक्षर माझ्या ओळखीचे नाही. माझा कोणावरही संशय नाही. दवाखान्यात मी एकटाच काम करत होतो. माझी पत्नी घरकाम करते, तिला यातले काही माहीत नाही, तिला विचारपूस करून त्रास देऊ नये.'

माझे अक्षर त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षे रोज पाहिले आहे. प्रत्येक रोग्याच्या कार्डावर ते आहे. सील काढून कार्डे आणि अर्ज शेजारी ठेवून पाहावे, तज्ज्ञाची गरज पडणार नाही.

पतींच्या जबाबाखाली, वाचून दाखवला, बरोबर आहे, असे लिहिले असून खाली त्यांची सही आहे. सहीचे अक्षर थरथरलेले आहे, पण सही त्यांचीच आहे. ते आयुष्यात खोटे बोलले नाहीत. बारा तारखेला साहेबांपुढे बोलले आणि सोळा तारखेला इथे, तेवढेच, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. त्यांचा जबाब बरोबर नाही.

माझा हा जबाब हवालदारांनी मला दोन वेळा वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने दिलेला नाही. दोघांपैकी एकाचा खरा धरायचा असेल तर माझा धरावा.

सही
सरुबाई त्र्यंबक विसपुते